माया

सहकारनगरात दूध डेअरीच्या डोक्यावर
वृषालीताईंचा नाचाचा क्लास,
आणि डेअरीच्या बगलेत, जिन्याखाली,
एक मशीन, एक इस्त्री आणि मी.
छताला हात पुरतो.
सोमवार-गुरुवार चहावर बशी झाकून ठेवतो,
वरून ता थेई थेई तत सुरू झालं
की चुन्याची खपली पडते.
मंगळवारी भरतनाट्यम. तेव्हा पंखा डुलतो.
शनिवारी हिपहॉप,
डब्यातल्या बॉबिनीसुद्धा जागेवर राहत नाहीत.

नाच मला कळत नाही. घेर कळतो.
कथकला सोळा कळ्या.
पोरगी गिरकीतून थांबते
आणि कापड तिच्यानंतर, जरासं मागून थांबतं.
त्या जरासाठी मी अस्तर जड लावतो.
भरतनाट्यमचा पुढचा पंखा
अर्ध्या बैठकीत उघडला पाहिजे,
उभं राहिलं की आपोआप मिटला पाहिजे,
नाही मिटला तर ताई जिना उतरून खाली येतात.
लावणीची नऊवारी हल्ली शिवूनच लागते,
चिकटपट्टी लावलेली, पाच मिनिटांत नेसून तयार.
त्यातही आया वीस रुपये कमी करायला लावतात.
हिपहॉपवाल्यांना माप नकोच असतं.
निहार आपटे टेप बघूनच मागं सरकतो,
म्हणतो, काका, अजून ढगळ.

श्रावस्ती वाघोले आली तेव्हा सहा वर्षांची.
छाती बावीस, उंची सांगता येईना,
एका जागी उभीच राहत नव्हती.
आई कुरिअरच्या ऑफिसातून परस्पर आलेली,
हातात अजून पावतीबुक.
म्हणाली, मास्तर, माया भरपूर सोडा,
दरवर्षी नवा नाही जमायचा.
सोडली. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच,
खाली चार.
दर डिसेंबरात ती यायची,
मी एक शिवण उसवायचो.
आतून निघायचा मोरपंखी
बाहेरच्यापेक्षा गडद, ऊन न लागलेला.
जुन्या टाक्यांची भोकं
पाणी शिंपडून, इस्त्री दाबूनही जायची नाहीत.
ती बोट फिरवून मोजायची. ही दुसरीतली, ही तिसरीतली.

यंदा उसवायला काही उरलं नव्हतं.
हात पसरून ती उभी, टेप माझ्या गळ्यात,
वर दुसरी बॅच ततकार करत होती.
म्हणाली, काका, घट्ट झाला तर झाला.
गिरकीत कोण बघतं?
मी म्हटलं, मी बघतो.
(खोटं. एकाही वर्षी गेलो नव्हतो.)

चिंध्यांच्या पोत्यात मोरपंखी मिळेना.
मिळाला जांभळा, कुणाच्या तरी शालूचा उरलेला काठ.
दोन कळ्या घातल्या, काखेपासून टाचेपर्यंत,
डावीकडे एक, उजवीकडे एक.
सोळाच्या झाल्या अठरा.
तिच्या आईनं पैसे विचारले,
मी म्हटलं, कापड माझंच होतं,
आणि तिनं नेहमीसारखं काहीतरी ठेवलंच, कात्रीखाली.

बिबवेवाडीच्या सभागृहात मागच्या दाराशी उभा राहिलो.
सगळ्यांचा नाच झाला, मला शिवणीच दिसल्या.
एक हूक सुटलेला. एकीचा पंखा मिटेना. ताईंचा चेहरा.
मग श्रावस्ती.
तिचा पाय मी छतातून ओळखतो,
समेला केसभर उशिरा येणारा,
ज्याच्यासाठी तबला थांबतो आणि परत पहिल्यापासून सुरू होतो.
ती फिरली. जांभळा मोरपंखीत विरघळला,
कुठं जोड होता सांगता येईना, मलाही येईना.
मग पाय आला, उशिरा,
आणि त्याच्याही मागून कापड.
शेजारच्या बाईनं टाळी त्याच्यावर दिली.

सोमवारी परत ता थेई थेई तत.
बशी झाकायची राहिली होती.
मी कान देऊन बसलो,
खपली चहातून बोटानं काढली,
आणि पुढच्या जिन्यावरच्या आईला म्हटलं,
थांबा जरा, एवढा तुकडा होऊ दे.